रक्ताची काच, जेवणाचे ताट

१९२८ सालच्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या बहुतेक कापडगिरण्या बंद होत्या. दीडेक लाख कामगार संपावर होते आणि गिरणगावातल्या चुली कशाबशा पेटत होत्या. त्याच वर्षी परळच्या हाफकिन संस्थेत लंडनहून एक डॉक्टर आल्या. ल्यूसी विल्स हे त्यांचे नाव, वय चाळीस. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या होत्या, वैद्यकाची पदवी त्यांनी पुष्कळ उशिरा घेतली होती, आणि दवाखाना थाटण्याऐवजी प्रयोगशाळेत बसणे पसंत केले होते. संपाशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते. त्यांना बोलावले होते मार्गारेट बाल्फर यांनी. हिंदुस्थानात बायकांच्या आरोग्यासाठी अनेक वर्षे घालवलेल्या बाल्फर त्या वेळी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या मातामृत्यूंच्या चौकशीत गुंतल्या होत्या, आणि बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांमध्ये एक आजार त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होता. दिवस भरत आले की बाई पांढरीफटक पडायची, दोन पावले चालली की धाप लागायची, पायांवर सूज, जीभ सोललेली, अन्नावर वासना नाही. काही बाळंतपणाआधीच जायच्या, काही बाळंतपणाचा ताण न सोसून. घरची माणसे ‘अंगात रक्तच नव्हते’ म्हणायची, आणि तेवढे खरेच होते. पण रक्त का नव्हते, याचे उत्तर तोवर कोणाकडेही नव्हते.

उत्तर अवघड होते ते काचेवरच्या एका विसंगतीमुळे. गरिबीतल्या बाईचे रक्त कमी होणे यात नवल काहीच नाही. लागोपाठची बाळंतपणे, पोटातले अंकुशकृमी, निकृष्ट अन्न, ही सारी कारणे लोहाकडे बोट दाखवतात, आणि लोह कमी पडले की सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी लहान आणि फिकट दिसतात. या बायकांच्या काचेवर उलटे दिसे. पेशी मोजल्या तर फार थोड्या, पण त्या आकाराने मोठ्या आणि रंगाने भरलेल्या. असे चित्र वैद्यकाला एकाच आजारात ठाऊक होते. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेला, १९२६ पर्यंत हमखास जीव घेणारा तो रक्तक्षय. घातकपणावरूनच त्याचे नाव ‘पर्निशस’ पडले होते. त्यामुळे मुंबईच्या आजाराला सरळ ‘गरोदरपणातला पर्निशस अ‍ॅनिमिया’ हे नाव मिळाले. बॉस्टनच्या वॉल्टर चॅनिंग यांनी १८४२ मध्येच बाळंतिणींच्या भयंकर रक्तक्षयाची टिपणे लिहून ठेवली होती, तेव्हा आजार नवा नव्हता. नाव मात्र उसने होते. आणि नावाबरोबर त्याची कारणमीमांसाही उसनी येते. अ‍ॅडिसनच्या आजारात दोष रुग्णाच्या देहात असतो असे मानले जाई. मग मुंबईच्या बाईचाही दोष तिच्या देहात, किंवा तिच्या आतड्यात वाढणाऱ्या एखाद्या जंतूच्या विषात असणार, असे गृहीत धरणे ओघाने आले.

पुढे जे झाले ते बहुतेक ठिकाणी एका डबीची गोष्ट म्हणून सांगितले जाते. यीस्टचा अर्क भरलेली मार्माइटची डबी, मरणाच्या दारातली बाई, चार दिवसांत तरतरी, आणि त्यातून लागलेला फोलिक अ‍ॅसिडचा शोध. गोष्ट खोटी नाही. पण तिच्यात डबी मोठी होते आणि डबीपर्यंत नेणारी वाट दिसेनाशी होते. माझे म्हणणे असे, की विल्स यांचे खरे काम त्या डबीच्या आधीचे आणि नंतरचे आहे. काचेवरचे चित्र उणिवेचे नाव सांगत नाही, ती नुसती आजाराची सही असते, आणि तीच सही दोन निराळ्या उणिवा करू शकतात, हे मुंबईच्या कामातून दिसले. कोणती उणीव शोधायची हे ताटाकडे पाहून ठरवावे लागते, आणि ती खरोखरच होती की नाही हे ती भरून पाहिल्यावर कळते. पोषणाची स्थिती तपासण्याच्या शास्त्रात ही क्रमवारी आज पाठ्यपुस्तकी वाटेल. शंभर वर्षांपूर्वी ती तशी नव्हती, आणि आजही ती सर्रास मोडली जाते.

विल्स यांनी आधी जंतूंचा मार्ग पडताळून पाहिला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरूनच होते. आजारी आणि धडधाकट बायकांच्या शौचाच्या तपासण्या झाल्या, आणि त्यांच्यात आजाराचा उलगडा करील असा फरक मिळाला नाही. मग मोर्चा घरांकडे वळला. विल्स आणि तळपदे यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. बाल्फर आणि तळपदे यांनी गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची स्थिती तपासली. मेहता यांच्या जोडीने विल्स यांचे रुग्णांवरचे काम चालू होते. तळपदे हे नाव इथे मुद्दाम लिहितो, कारण डबीच्या गोष्टीत ते सापडत नाही, आणि चाळीतल्या बाईकडून काल काय शिजले, कोणी किती खाल्ले, तिच्या वाट्याला काय उरले हे काढून घेणे ज्यांना मराठी वा गुजराती समजत नाही त्यांचे काम नव्हे. वसाहती सरकारच्या साऱ्या पाहण्यांप्रमाणे याही पाहणीत माणसे धर्मांच्या रकान्यांत वाटली गेली. हा आजार गरीब मुसलमान बायकांत जास्त दिसतो, असे नोंदले गेले. पण रकान्याच्या आत पाहिले की धर्मापेक्षा ताट बोलू लागे. जिथे पालेभाजी, फळे आणि प्रथिने तोकडी, तिथे आजार जास्त. सधन घरांत तो विरळा.

गिरणगावचे ताट त्या वेळी कसे होते, याचा सरकारी पुरावाही हाताशी आहे. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२३ मध्ये कामगारांच्या घरखर्चाचा अहवाल छापला. त्यात एक तुलना होती, जी छापून आल्यावर बरीच गाजली. मुंबईचा गिरणी कामगार धान्य किती खातो? दुष्काळी कामावरच्या मजुराला दुष्काळ संहितेप्रमाणे जास्तीत जास्त जितके मिळते तितके, आणि मुंबईच्या तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्यापेक्षा कमी. ही सरासरी होती पूर्ण कुटुंबाची, आणि तीही धान्याची. पुरुष आणि मुले जेवल्यावर उरलेल्यात बसणाऱ्या गरोदर बाईच्या पानात किती भाजी पडत असेल, हे त्या सरासरीत दिसत नाही. शिवाय ज्या घटकाचा पुढे शोध लागला तो उष्णतेने नासतो आणि पाण्यात उतरतो. भाजी बराच वेळ उकळून पाणी फेकले, की उरलेसुरलेही मोरीत जाते. विल्स यांना हे त्या वेळी ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांना एवढेच दिसत होते, की आजार ताटाच्या रेषेवरून चालतो.

मग प्रयोग आले, आणि इथे गोष्ट वाकडी होते. निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत रॉबर्ट मॅककॅरिसन यांची पोषणसंशोधनाची प्रयोगशाळा होती. निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांचे आहार उंदरांना खाऊ घालून ते त्यांची वाढ पाहत. १९२९ च्या उन्हाळ्यात विल्स तिथे गेल्या आणि त्यांनी पांढऱ्या उंदरांना मुंबईच्या गरीब मुसलमान बायकांचा आहार दिला. उंदरांना रक्तक्षय झाला; गाभण माद्या पिले होण्यापूर्वीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळले तर आजार टळे. चित्र हवे तसे जुळले होते. फारच जुळले होते. पुढे उघड झाले, की त्या उंदरांच्या रक्तात बार्टोनेला नावाचा जंतू होता, जो उवांमधून पसरतो, आणि त्यांचा रक्तक्षय बऱ्याच अंशी त्याचा होता. प्रयोगाचा पायाच खचला. विल्स यांनी यीस्ट सोडले नाही; उंदीर सोडले. त्यांनी माकडांवर तोच आहार देऊन पाहिला, त्यांना रक्तक्षय झाला, आणि यीस्टचा अर्क दिल्यावर ती सुधारली. त्यानंतर मुंबईच्या रुग्णांवर मार्माइट वापरले गेले. बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून इंग्लंडमध्ये १९०२ पासून बनणारा हा काळा, खारट लगदा, यीस्टच्या अर्कांत सर्वांत स्वस्त. अ‍ॅडिसनच्या आजारावर तेव्हा उपाय म्हणून दिले जाणारे यकृत खाणे ज्यांना परवडणारे किंवा रुचणारे नव्हते अशा बायकांना तो देणे सोपेही गेले असणार. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विल्स यांनी निष्कर्ष मांडला: गरोदरपणातला हा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. हे सगळे नशीब नव्हे काय? उंदरांचा आजार वेगळाच निघाला, तरी त्यावर चाललेले औषध योगायोगाने माणसांनाही लागू पडले. यात पद्धत कुठली? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. यीस्ट हे आंधळेपणाने काढलेले पान नव्हते. १९२० च्या दशकात जीवनसत्त्व ‘ब’ हे एकच नसून अनेक घटकांचे मिश्रण आहे, हे स्पष्ट होत चालले होते. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा पेलाग्रा यीस्टने बरा होतो हे दाखवले होते. ज्या ताटात भाजी, दूध, मांस जवळजवळ नाही त्या ताटात ‘ब’ गटातले काही तरी कमी असणार, हा तर्क पाहणीतून येत होता. उंदरांनी तो तर्क चुकीच्या कारणाने उचलून धरला, एवढेच. चुकीचा साक्षीदार खरे बोलला म्हणून खटला खोटा ठरत नाही. मात्र त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकालही देता येत नाही. विल्स यांनी तो दिला नाही, म्हणून माकडे आली आणि मग माणसे आली. उंदरांचाच निष्कर्ष कुरवाळत बसणारे संशोधक त्या काळी काही कमी नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. औषधाने बरे वाटले म्हणजे ते औषध शरीरात कमी होते, असे म्हणता येते का? ताप उतरवणारी गोळी घेतली आणि ताप उतरला, म्हणून कोणी गोळीची उणीव होती असे म्हणत नाही. खुद्द अ‍ॅडिसनच्या रक्तक्षयात हाच पेच होता. १९२६ मध्ये बॉस्टनच्या जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी ४५ रुग्णांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून सुधारणा दाखवली, आणि त्याच कामासाठी व्हिपल नावाच्या आणखी एका संशोधकासह १९३४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण ते रुग्ण काही उपाशी नव्हते. बॉस्टनच्या भरल्या ताटावर जेवणारे होते. त्यांच्या अन्नात घटक होता, पण पोटाच्या अस्तरातून पाझरणारा तो पदार्थ नव्हता ज्यावाचून तो शोषला जात नाही. हे विल्यम कॅसल यांनी दाखवले. म्हणजे भरून पाहणे आणि बरे होणे एवढ्याने अन्नातली उणीव सिद्ध होत नाही. त्यासाठी आणखी पुरावा जुळावा लागतो, आणि विल्स यांच्याकडे तो होता. अ‍ॅडिसनच्या रुग्णांच्या जठरात आम्ल नसते. मुंबईच्या बहुतेक बायकांच्या जठरात ते होते. अ‍ॅडिसनच्या आजारात मज्जारज्जू बिघडतो, पाय बधिर होतात, चाल ढळते; या बायकांत तसे काही दिसत नव्हते. ज्या बाळंतपणातून वाचत त्या पुष्कळदा पुढे आपोआप सावरत, कारण पोटातल्या बाळाची मागणी संपलेली असे. अ‍ॅडिसनचा रुग्ण असा कधीच सावरत नाही.

शिवाय सुधारणा ‘बरे वाटते’ एवढ्यावर मोजलेली नव्हती. अस्थिमज्जेतून नुकत्याच सुटलेल्या कोवळ्या लाल पेशी रंगवून वेगळ्या ओळखता येतात, त्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात. नेमका हवा तो घटक मिळाला की थांबलेली मज्जा पुन्हा सुरू होते आणि काही दिवसांतच या कोवळ्या पेशींची लाट रक्तात येते. औषधाआधी रक्त मोजत राहायचे, मग औषध सुरू करायचे, आणि लाट कोणत्या दिवशी उठते ते पाहायचे. त्यामुळे प्रत्येक बाई स्वतःचीच तुलना ठरे. तापाच्या गोळीच्या उदाहरणात हे नसते. याहून निर्णायक ठरले ते पुढचे पाऊल. यकृताचा कच्चा अर्क दिला तर या रुग्णांना गुण येई. पण अ‍ॅडिसनच्या आजारात रामबाण ठरलेला, शुद्ध करत आणलेला अर्क दिला तर काहीच होत नसे. म्हणजे यकृतात दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या, आणि शुद्ध करताना मुंबईच्या बायकांना हवी होती तीच फेकली जात होती. १९३७ मध्ये क्लटरबक आणि एव्हान्स यांच्यासह विल्स यांनी हे छापले. त्या अनाम पदार्थाला लोक ‘विल्स घटक’ म्हणू लागले. आजाराचे उसने नाव त्या दिवशी गळून पडले असे म्हणायला हरकत नाही, जरी पुस्तकांतून ते जायला आणखी काही वर्षे लागली.

घटकाची ओळख पटायला मात्र युद्ध संपावे लागले. १९४१ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालकातून एक पदार्थ वेगळा काढला आणि लॅटिनमध्ये पानाला असलेल्या ‘फोलियम’ या शब्दावरून त्याला फोलिक अ‍ॅसिड म्हटले. ज्या ताटात पाने नाहीत तिथल्या आजारावरचा उतारा अखेर पानांतूनच निघाला, आणि नावही पानाचेच. न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत १९४५ च्या सुमारास तो कृत्रिमरीत्या तयार झाला. ते संशोधन येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली झाले. भीमावरमच्या या माणसाचे भाऊ तरुणपणी स्प्रूने, म्हणजे आपल्याकडचे वैद्य ज्याला संग्रहणी म्हणत त्या आतड्याच्या विकाराने गेले होते. आणि स्प्रूच्या रक्तक्षयावर जे औषध पुढे चालले, ते हेच. त्यानंतरची दोन वर्षे उत्साहाची होती. फोलिक अ‍ॅसिड अ‍ॅडिसनच्या रुग्णांनाही दिले गेले, रक्त झपाट्याने सुधारले, आणि काही महिन्यांत त्याच रुग्णांचे पाय लुळे पडू लागले. काच स्वच्छ झाली होती. मज्जारज्जू बिघडत चालला होता. यकृतातली दुसरी गोष्ट, जीवनसत्त्व ब-१२, १९४८ मध्ये हाती आली तेव्हा सारा उलगडा झाला. पेशीचे विभाजन होण्यासाठी दोन्ही लागतात. एकही कमी पडला तर पेशी फुगते पण विभागत नाही, म्हणून काच सारखीच दिसते. पण नसांना ब-१२ लागते, आणि त्याची जागा फोलिक अ‍ॅसिड घेऊ शकत नाही. रक्त पाहून उणीव ओळखणाऱ्यांना इतकी महाग शिकवण क्वचितच मिळाली असेल.

काच किती उशिरा बोलते, हेही नंतर मोजले गेले. अमेरिकेतल्या व्हिक्टर हर्बर्ट यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःवरच प्रयोग केला. तीन-तीनदा उकळून पाणी टाकलेले अन्न ते महिनोन्‌महिने खात राहिले. साधारण तीन आठवड्यांत रक्तद्रवातले फोलेट घसरले. सातव्या आठवड्याच्या सुमारास पांढऱ्या पेशींची केंद्रके जास्त खंडांची दिसू लागली. मज्जा बदलली आणि रक्तक्षय उमटला तो थेट साडेचार महिन्यांनी. म्हणजे डॉक्टर पापणी ओढून पाहतो तोवर उणीव मुरलेली असते. गरोदर बाईची गरज वाढलेली, साठा आधीच तुटपुंजा, त्यामुळे तिच्यात हे अंतर आणखी आखडते. शेवटच्या महिन्यांत ‘अचानक’ येणारा मुंबईचा आजार अचानक नव्हताच.

तिसरा आक्षेप वैद्यकाबाहेरचा आहे, आणि त्याला उत्तर देताना माझी बाजू थोडी सोडावी लागते. ज्या बाईच्या ताटात भाजी नाही तिला चमचाभर मार्माइट देणे म्हणजे मजुरीचा प्रश्न औषधाच्या कपाटात बंद करणे, असे कोणी म्हटले तर ते निव्वळ घोषणाबाजी म्हणून झटकता येणार नाही. त्याच १९२८ च्या जुलैत मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २८ जुलैला त्याला पाठिंबा देताना बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे ठामपणे मांडले; १९२९ मध्ये कायदा झाला. संप, विधेयक आणि प्रयोगशाळा एकाच वर्षी, एकाच शहरात, आणि तिघांचा विषय एकच देह. तरी प्रयोगशाळेच्या निबंधांत मजुरीचे आकडे निष्कर्षापर्यंत पोचत नाहीत. पण आक्षेपाची दुसरी बाजूही पाहायला हवी. ‘गरिबी’ हे कारण खरे असले तरी ते सगळ्याच आजारांचे कारण असते, म्हणून कोणत्याच आजाराचे पुरेसे नसते. तुरुंगाइतके धान्य मिळाले असते तरी नुसत्या धान्याने हा रक्तक्षय टळला नसता. ताटात नेमके काय नाही हे सांगता आले, तरच किती मजुरीत ते येईल हा हिशेब मांडता येतो. विल्स पुढे लंडनला समाजवादी विचारांच्या मजूर पक्षातर्फे नगरसेवक झाल्या. प्रयोगशाळेत न लिहिलेले बहुधा त्यांनी तिथे सांगितले असावे, असा माझा नुसता कयास.

हा इतिहास कपाटात ठेवण्याजोगा झाला असता, जर पुढे आपण तीच चूक दुसऱ्या टोकाने केली नसती. १९७० मध्ये केंद्र सरकारने गरोदर बायकांना लोह आणि फोलिक अ‍ॅसिडची गोळी द्यायला सुरुवात केली. मुंबईच्या रुग्णालयांतून निघालेला घटक अशा रीतीने प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात पोचला, हे लहानसहान यश नव्हे. पण तपासणी उरली ती एका आकड्याची. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचे, हिमोग्लोबिन पाहायचे, गर्भवतीत ११ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय म्हणायचे आणि लोह द्यायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या; आधीच्या फेरीत त्या ५३ टक्के होत्या. पन्नास वर्षे गोळ्या वाटून आकडा चढावा, याची कारणे पुष्कळ सांगितली जातात: गोळ्या पोचत नाहीत, पोचल्या तर मळमळते म्हणून खाल्ल्या जात नाहीत, बोटाच्या थेंबात आणि शिरेतल्या रक्तात फरक पडतो. ती सगळी खरी असू शकतात. पण हिमोग्लोबिनचा आकडा म्हणजे विल्स यांच्या काचेपेक्षाही मुका साक्षीदार. काचेवर निदान पेशीचा आकार दिसे. आकडा पेशी लहान की मोठी हेही सांगत नाही. लोह आणि ब-१२ दोन्ही कमी असतील तर एक उणीव पेशीला लहान करते, दुसरी फुगवते, आणि यंत्राने काढलेला सरासरी आकार निर्दोष दिसतो.

२०१६ ते २०१८ मध्ये देशभर झालेल्या मुलांच्या सर्वंकष पोषण पाहणीने प्रथमच रक्तातले घटक मोठ्या प्रमाणावर वेगवेगळे मोजले. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींत रक्तक्षय सुमारे २८ टक्के, लोहाची उणीव सुमारे २२ टक्के, फोलेटची ३७ आणि ब-१२ ची ३१ टक्के. ज्या घटकाला आपण पन्नास वर्षे एकटा आरोपी धरले, त्याच्याइतकेच, किंबहुना अधिक, इतर दोघे पसरलेले. इथे अर्थात कोणी म्हणेल, की या उणिवांची मापे कुठे आखायची यावरच तज्ज्ञांचे एकमत नाही. खरे आहे, रक्तद्रवातले फोलेट काल काय खाल्ले यावरही हलते. पण हा वाद माप अधिक बारकाईने घेण्याच्या बाजूचा आहे. एकाच आकड्यावर समाधान मानण्याला तो आधार देत नाही.

आणि या प्रकरणाचा पुढचा अंक पुन्हा आपल्याच मुलखात घडला, फक्त परळऐवजी पुण्याजवळच्या सहा गावांत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या गर्भवती बायका आणि पुढे त्यांची मुले यांचा मागोवा घेतला. २००८ मध्ये त्यांनी जे छापले त्यात विल्स यांच्या मुंबईचे चित्र अगदी उलटे होते. दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी, आणि लाल पेशीतले फोलेट कमी असलेली आई एकच. भाजी होती, डाळ होती, सरकारी गोळीही होती. दूध जेमतेम चहापुरते आणि मांसमच्छी क्वचितच. ज्या मातांचे फोलेट चढे आणि ब-१२ तळाला, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. या बायकांतल्या पुष्कळ जणी डोळ्यांना आणि हिमोग्लोबिनच्या यंत्राला फारशा आजारी दिसल्या नसत्या. त्यांची उणीव त्यांच्या रक्तापेक्षा त्यांच्या मुलांत अधिक ठळक उमटत होती, आणि तो संबंध नुसत्या सहचर्याचा आहे की कार्यकारणाचा हे काचेवरून, आकड्यावरून किंवा ताटावरूनही ठरवता येत नव्हते. म्हणून २०१२ मध्ये त्याच गावांत एक चाचणी सुरू झाली. तीच मुले आता किशोरवयात आली होती. त्यांतल्या काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२, काहींना त्याच्या जोडीला इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये, काहींना नुसतीच दिखाऊ गोळी, आणि लोह व फोलिक अ‍ॅसिडची सरकारी गोळी सगळ्यांनाच. त्यांची लग्ने होतील, मुलींना दिवस जातील, आणि जन्मणाऱ्या बाळांच्या नाळेतल्या रक्तापासून मोजणी सुरू होईल, अशी ती आखणी होती.